व्याह्यांच्या गोठ्यातले संगणक

आमच्या व्याह्यांइतका आशावादी माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, आणि या एका गुणापायी त्यांना काहीतरी शिक्षा व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आशावाद हा पोट भरलेल्या माणसांनी पंख्याखाली बसून करायचा छंद आहे. भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या अलीकडच्या एका गावात, जिथे एस.टी. येते पण आज येईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही, तिथे राहून तो करायचा म्हणजे स्वतःबरोबर आणखी दहा घरं गोत्यात घालणं. मी वैतागून बोलतो आहे, हे मला कळतं. माझी सगळी नोकरी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत गेली. टपोऱ्या कणसांची चित्रं छापलेल्या पिशव्या ट्रकात चढवून देणं हे माझं काम. पिशवीवरचं कणीस आणि शेतातलं कणीस यांची गाठ क्वचितच पडते, एवढं शहाणपण त्या नोकरीनं मला दिलं. व्याह्यांना मात्र नुसती पिशवी दाखवा, त्यांना लगेच शेत डोलताना दिसू लागतं.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या लेकीला बघायला ते आले तेव्हाची. मुलाकडची मंडळी पोहे खात होती, लेक खाली मान घालून बसली होती आणि मुलाचे वडील आमच्या बैठकीतल्या स्विचबोर्डाकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, घराची ऐपत जोखताहेत. थोड्या वेळानं त्यांनी बशी खाली ठेवली, उठले, खिशातून टेस्टर काढला, बोर्डात घालून पाहिला आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून, सोयरीक ठरायच्या आधीच मला व्याही ठरवून म्हणाले, "इवाई, तुमच्या घराला अर्थिंग न्हाई." माझ्या बायकोला वाटलं, हे आपल्या कुळातली काहीतरी खोट काढताहेत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खाली बसता बसता ते म्हणाले, "पोरगी पसंत हाये. अर्थिंगचं मी बघतो." आणि खरोखरच साखरपुड्याच्या आधी येऊन त्यांनी आमच्या परसात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पट्टी पुरली आणि मगच टिळ्याला बसले. लग्नात ऐन मुहूर्तावर मांडवातली वीज गेली तेव्हा हा वरपिता फेट्यासकट खांबावर चढला. भटजी खालून 'उतरा, उतरा' म्हणून ओरडत राहिले, पण मुहूर्त थांबेना. मंगलाष्टकं त्यांनी खांबावरूनच ऐकली आणि निम्म्या अक्षता नवरा-नवरीऐवजी त्यांच्यावरच पडल्या.

टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. उन्हातान्हात, डोंगराच्या कडेकडेनं त्यांनी आयुष्यभर तारा ओढल्या आणि त्या कामातून स्वतःचं एक तत्त्वज्ञान तयार केलं. ते प्रत्येक पाहुण्याला ऐकावंच लागतं, जेवायच्या आधी. "तार कशाला असती, इवाई? दोन्हीकून बोलायला. आन् झालं काय? ह्या तारंनं गावातली पोरं भाहीर वढून नेली. फोन आला, की गेलं पोरगं. आता ह्याच तारंनं काम गावात वढायचं." निवृत्त झालेली माणसं जांब समर्थला दर्शनाला जाऊन येतात, नातवंडं खेळवतात, गुडघ्यांना तेल लावतात. यांनी बैलजोडी विकली आणि जालन्याहून टेम्पोत घालून जुने संगणक आणले. गोठा सारवून घेतला, गव्हाणीवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर संगणक मांडले आणि दारावर पाटी लावली: 'ग्रामीण तंत्रज्ञान रोजगार केंद्र'. विहीणबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बैल निदान शेण तरी द्यायचे."

त्या केंद्राचे नियम ऐकून कुठल्याही शहाण्या माणसानं परतीची एस.टी. धरली असती. चपला बाहेर. थंडीत संगणकांवर गोधडी, कारण "त्याला बी गारठा लागतो." धुळीसाठी विहीणबाईंच्या जुन्या लुगड्यांचे झगे शिवलेले, त्यामुळे सकाळी गोठ्यात शिरलं की म्हाताऱ्या बायका ओळीनं बसल्याचा भास व्हायचा. 'नेट नाही' हे शब्द उच्चारायला बंदी होती. नेट नसेल तर म्हणायचं, 'नेट येऊन राह्यलं.' ते यावं म्हणून त्यांनी टेकडीवर बोअरचा जुना पाइप उभा केला होता, आणि वारा सुटला की ते स्वतः वर जाऊन तो धरून उभे राहायचे. प्रवेश परीक्षाही त्यांची स्वतःची. पोरीपुढे सूप ठेवायचं, त्यात तुरीची डाळ, डाळीत त्यांनी मुद्दाम टाकलेले खडे. "संगणक येतो का, हे मी इचारीत न्हाई. त्यो कुणाला बी येतो. ज्याला खडा दिसतो, त्याचीच नजर कामाची." या परीक्षेत विहीणबाई आणि एक पोरगी सोडून सगळ्या गावाला त्यांनी नापास केलं होतं, पण विहीणबाईंना संगणकाला हात लावायचा नव्हता. शेवटी दहा-बारा पोरींना ग्रेस मार्क देऊन वर्ग भरला.

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा जावई, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गुणी पोरगा. दिवाळीला गावी आला की व्याही लोकांना त्याची ओळख करून द्यायचे, "हे आमचे फरारी." सुरुवातीला जावई हसायचा. मग नुसता हसल्यासारखं करायचा. एकदा त्यानं जेवताना विषय काढला, "आबा, माझ्या कंपनीत बोलून बघू का? केंद्राला थोडं काम मिळंल." व्याह्यांनी भाकरी मोडायची थांबवली आणि म्हणाले, "गाव सोडून गेलेल्याच्या शिफारशीवर गावात काम आणायचं न्हाई. बिलकुल न्हाई." माझी लेक त्या रात्री मला फोनवर म्हणाली, बाबा, यांनी ताट तसंच ठेवलं. त्यानंतर बापलेकांचं बोलणं पाऊस पडला का, या प्रश्नाच्या पुढे जात नसे. आणि आमच्याकडे पाऊस तरी किती दिवस पडतो!

केंद्र बघायला पाहुणे मात्र पुष्कळ आले. त्यांच्याबद्दल लिहिताना माझी भाषा बिघडते, म्हणून थोडक्यात सांगतो. पाहुणे गाडीतून उतरले की आधी संडास कुठे आहे विचारत. मग नारळ, मग फीत, मग लुगडं नेसलेल्या संगणकाशेजारी उभं राहून फोटो. मग भाषण, त्यात 'तुम्हीच खरा भारत' हे एक वाक्य नक्की. मग हुरडा, आणि अंधार पडायच्या आत जालना गाठायचं म्हणून धूळ उडवत परत. जाताना ते प्रशिक्षण देऊ करत. आमच्या भागात प्रशिक्षणाला कधी तोटा नव्हता. अळिंब्यांचं झालं, मधमाशांचं झालं, शिवणाचं झालं, संगणकाचं तर तीनदा झालं. घराघरांत देवाच्या फोटोशेजारी प्रमाणपत्रं टांगलेली आहेत. शिकून करायचं काय, हे मात्र कुणाच्या भाषणात आलं नाही. व्याही तरीही प्रत्येक पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायला जात आणि परत येऊन मला फोन करत, "इवाई, ह्या टायमाला माणूस बराबर वाटला."

या सगळ्या वेडात प्रज्ञाचं नाव आलं नसतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. प्रज्ञा बौद्धवाड्यातल्या गवंड्याची मुलगी. भोकरदनला ये-जा करून बी.एस्सी. झालेली, पहिल्या फटक्यात सगळे खडे काढणारी, विहीणबाई सोडल्या तर गावात एकटीच. तिला छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात संगणकावर नोंदणी करायची नोकरी मिळत होती. हे कळताच व्याही तिच्या घरी गेले. प्रज्ञाचे वडील त्यांना म्हणाले, "आबा, गाव तुमचं हाये तसं आमचं न्हाई. आमच्यातलं जे भाहीर गेलं, तेच सुधारलं." ते खरं होतं. उत्तर नसलं की व्याही शब्द देतात. "एक डाव माझ्यावर भरोसा ठेवा. लेकराला इथंच ठेवा. काम मी आणतो, शब्द हाये माझा." गवंड्यानं बराच वेळ विचार केला आणि दवाखान्याला नकार कळवला. पुढे प्रज्ञा गोठ्यात सगळ्यांची प्रमुख झाली, तेव्हा गावातल्या दोन-तीन घरांनी आपल्या पोरी काढून घेतल्या. कारण कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. व्याह्यांनी प्रज्ञाची खुर्ची आपल्या खुर्चीच्या शेजारी आणून ठेवली आणि कामाला लागले.

आणि काम आलं! मी हात टेकले. पुण्या-मुंबईकडच्या कुठल्याशा कंपनीला पिकांचे फोटो तपासून हवे होते. फवारणीचं एक यंत्र तयार होत होतं, ते रानात फिरताना तण ओळखून तेवढ्यावरच औषध मारणार होतं. त्याला तण ओळखायला शिकवायचं, तर हजारो फोटोंवर चौकटी काढायच्या, पिकाभोवती हिरवी आणि तणाभोवती लाल. कंपनीचा तरुण साहेब पडद्यावर आला आणि हसून म्हणाला, "जो चाहिए वो हरा, जो नहीं चाहिए वो लाल. सिंपल." ते दिवस खरोखर चांगले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. सकाळी भाकऱ्या थापून, धुणं आटोपून पोरी गोठ्यात यायच्या आणि संध्याकाळपर्यंत चौकटी काढायच्या. काढून घेतलेल्या पोरीही गुपचूप परत आल्या. प्रज्ञानं आईची मजुरी बंद केली. व्याही टेकडीवर पाइप धरून उभे राहायचे आणि तिथूनच मला फोन करायचे, "इवाई, काम येऊन राह्यलं!"

मग पावसाळ्यातल्या रानांचे फोटो आले. कपाशीच्या ओळींमध्ये सगळीकडे हिरवं माजलेलं. गाजर गवत, हराळी, लव्हाळा यांना पोरींनी दयामाया न दाखवता लाल केलं. पण त्यातच खायच्या रानभाज्या होत्या, घोळ होती, तांदुळजा होता, पाथरी होती, कुणा बाईनं कडेनं टाकलेली अंबाडी होती. एका पोरीनं विचारलं, "आबा, ही घोळ हाये. लाल का हिरवी?" व्याह्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "जो चाहिए वो हरा, सायब काय बोल्ला? घोळ नको म्हननारी बाई म्या आजून पाह्यली न्हाई. हिरवी!" प्रज्ञाला शंका आली होती. ती म्हणाली, "आबा, सरांना एक बार विचारून घेऊ का?" तर म्हणे, "सरांना काय इचारती, तुझ्या मायला इचार!" प्रज्ञाची आई आयुष्यभर खुरपायला जात आली, आणि खुरपून परत येताना तिच्या ओच्यात पाथरी नाही असं कधी झालं नाही. ती काय सांगणार? हिरवी. साऱ्या गोठ्यानं एकमतानं पुढचे कित्येक दिवस रानभाज्यांना पिकाचा मान दिला. ही चूक पुण्यात झाली नसती, कारण तिथे घोळ कुणी ओळखलीच नसती.

साहेबाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजातलं हसू गेलेलं होतं. "आपने मशीन को सब उलटा पढ़ा दिया." व्याही ताठ उभे राहून म्हणाले, "सायब, तुमच्या मशीनला भूक लागत न्हाई, म्हणून त्याला समदं तणच दिसतं." हे वाक्य त्यांनी मला नंतर अनेकदा ऐकवलं. वाक्य चांगलंच आहे. पण साहेबाला मराठी येत नव्हतं. तो म्हणाला, "सॉरी?" आणि मग त्यानं सांगितलं, की सगळं काम पुन्हा करा, फुकट, नाहीतर पुढचं मिळणार नाही. व्याही अडून बसले असते, प्रज्ञानं त्यांना अडू दिलं नाही. "आबा, चौकटच तर वढायची हाये. भाजी थोडीच मरून राह्यली?" व्याही म्हणाले, "फोटूतली न्हाई मरत. पर ते मशीन रानात गेल्यावर?" पोरींनी पुन्हा सुरुवातीपासून घोळ लाल केली, पाथरी लाल केली, अंबाडी लाल केली, आणि ते चाललं होतं तितके दिवस व्याही गोठ्याच्या बाहेर दगडावर बसून राहिले.

काम वेळेत पुरं झालं, बिनचूक झालं. कंपनीनं आभार मानले. तुमच्या टीमनं इतकं छान शिकवलं, की आता यंत्र चौकटी स्वतःच काढतं, तेव्हा यापुढे माणसांची गरज लागणार नाही, असं कळवलं. म्हणजे एवढा खटाटोप करून व्याह्यांच्या केंद्रात शिकून नोकरीला लागलेला विद्यार्थी एकच निघाला, तो म्हणजे ते यंत्र. त्यांनी फीत कापून गेलेल्या सगळ्या पाहुण्यांना फोन लावले. कुणी मीटिंगमध्ये होतं, कुणी बदलून गेलं होतं, एकानं नवीन प्रशिक्षण देतो म्हणून सांगितलं. पोरी एकेक करून येईनाशा झाल्या. दोघींची लग्नं ठरली, काही जणी घरच्यांबरोबर उसाच्या तोडीला अंकुशनगरकडे गेल्या. प्रज्ञा तेवढी रोज येत होती. रिकाम्या गोठ्यात संगणकांवरची लुगडी काढायची, पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा घालायची. दवाखान्यातली ती जागा केव्हाच भरली होती.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. मनात बरंच बोलायचं साठवलं होतं. दुसऱ्याच्या लेकराला आपल्या वेडापायी दोन वर्षं अडकवून ठेवायचा तुम्हाला काय अधिकार होता, इथपासून. पण मी चपला काढतो न काढतो तोच ते म्हणाले, "इवाई, चला जरा माझ्यासंगं." आणि ते मला प्रज्ञाच्या घरी घेऊन गेले. तिचे वडील कामावरून आले होते, हातांवर अजून सिमेंट होतं. त्यांनी घाईनं खुर्च्या पुढे केल्या. "आबा, तुम्ही कशाला आले? बोलावलं असतं, मी आलो असतो." व्याही बसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "मिस्त्री, माझा शब्द गेला." एवढंच. ज्या माणसाला आयुष्यात बोलायला कधी शब्द कमी पडले नाहीत, त्याचं भाषण तिथे संपलं.

गवंडी थोडा वेळ हाताचं सिमेंट खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझी पोरगी दोन वरसं तुमच्या शेजारी खुर्चीवर बसली, आबा. गोठ्यात का व्हईना, पर ह्याच गावात. माझ्या बापाला तुमच्या बापाच्या ओट्यावर टेकता येत नव्हतं. मंग मी तुम्हाला काय बोलू?" प्रज्ञा आतल्या दारात उभी होती. ती रडत नव्हती, नुसती आमच्याकडे बघत होती. तिचे वडील तिच्याकडे वळून पाहत हळूच म्हणाले, "पर आता जाऊ द्या तिला."

परतताना घराजवळ आल्यावर व्याही म्हणाले, "त्यानं शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं, इवाई." माझं साठवलेलं बोलणं माझ्या तोंडातच राहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली, की मी त्यांचा हात धरून चाललो. आणि आम्ही व्याही-व्याही तसे हात धरणाऱ्यांतले नव्हतो.

ओसरीवर बसून त्यांनी फोन काढला. बराच वेळ हातात धरून ठेवला आणि माझ्यापुढे केला. "तुमच्या जावयाला लावा." मी म्हणालो, "तुमचा मुलगा आहे. तुम्ही लावा." त्यांनी लावला. पाऊस-पाणी विचारायचा तो महिना नव्हता, त्यामुळे सुरुवात कशी करावी ते त्यांना कळेना. मग एकदम बोलले, "बाळा, आपल्या गावातलं एक लेकरू हाये. लई हुशार हाये. तुझ्या तिकडं त्याचं काही काम व्हईल का?" पलीकडून जावई काय म्हणाला ते मला ऐकू आलं. तो म्हणाला, "व्हईल, आबा. पाठवा तिला. आधी आपल्याच घरी राहील." त्याला कुणीही सांगितलं नसताना लेकरू म्हणजे कोण हे माहीत होतं, म्हणजे माझी लेक त्याला गोठ्यातली एकेक गोष्ट सांगत आली होती आणि तो ऐकत आला होता. व्याही म्हणाले, "तिला सणावाराला घरी धाडत जा." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "तू बी येत जा."

त्यावर पलीकडून काहीच आवाज आला नाही. व्याह्यांनी फोन कानापासून काढून पाहिला, हलवला, पुन्हा कानाला लावला आणि 'हॅलो, हॅलो' करत टेकडीकडे जायला उठले. विहीणबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले, नवऱ्याचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाल्या, "थांबा जरा. बोलंल त्यो."